मझौलीची पिन-गन

"भैया, गन फुसफुस कर रही है. पिन मार ही नहीं रही."

फोन उचलला आणि हेच कानावर आलं. घमापुरात आमचं लाकडात पिना ठोकणाऱ्या गनसारख्या, हवेवर चालणाऱ्या अवजारांच्या दुरुस्तीचं दुकान आहे. माझ्या बाबांनी फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर ते उघडलं, पण गेली तीन वर्षं दुरुस्तीचं टेबल माझ्याकडे आहे. फोनवरच्या माणसांना मात्र समोर भैयाच हवा असतो.

"भैया नहीं, प्रणोती बोल रही हूँ. पहले गन से हवा का पाइप निकालिए."

हे माझं ठरलेलं पहिलं वाक्य. पाइप लागलेला असताना गनला हात लावला, की बोटात पिन घुसायला किती वेळ लागतो!

"निकाल दिया, दीदी."

"तेल कौन-सा डालते हैं?"

"सरसों का... घर में वही था."

"अगं बाई!" माझ्या तोंडून निघून गेलं.

पलीकडून हळूच — "तुम्ही... मराठी?"

त्याचं नाव गौरांग. मझौलीत मधमाश्यांसाठी लाकडी पेट्या बनवायचा. आई तिथल्याच शाळेत शिक्षिका होती. घरात मराठी बोलणारी दोघंच, त्यामुळे त्याचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि दमून हिंदीत बसायचं. मोहरीच्या तेलानं त्याच्या गनमधल्या रबरी रिंगा फुगल्या होत्या. मी नव्या रिंगा आणि गनच्या तेलाची बाटली बसच्या कंडक्टरजवळ दिली, अन् त्या कशा बसवायच्या ते फोनवर सांगितलं.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. "पिन अर्धीच घुसून राहिली, दीदी."

"कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी काढता ना?"

"टाकीत तर हवा असते..."

मला हसू आवरेना. हवा दाबली की तिच्यातला ओलावा टाकीच्या तळाशी साचतो, मग तेच पाणी गनमध्ये जातं. खाली एक तोटी आहे, ती रोज संध्याकाळी उघडायची... सगळं समजावलं.

दुसऱ्या संध्याकाळी फोन. "ऐका हं." आणि — सूंऽऽऽ! "निघालं पाणी."

"हे ऐकवायला फोन केला?"

"तुम्हीच म्हटलं ना, रोज."

"काढायला सांगितलं होतं. ऐकवायला नाही!"

"मग... उद्यापासून बंद करू?"

"असं कुठे म्हटलं मी?"

मग रोजच ती तोटी उघडू लागली. सूंऽऽऽ झालं की हालहवाल. सकाळी तेलाचे चार थेंब टाकले, दुपारी चार टाकले, आज अंगणातल्या मधमाश्यांनी आईला वह्या तपासता तपासता उठवलं, तुम्ही जेवल्या का... एकदा मीच म्हटलं, "ते दीदी म्हणणं बंद करा."

"काहून?"

"काहून म्हणजे... असंच. नाव आहे मला."

मग म्हणाला, "प्रणोती." नुसतं तेवढंच. मी उगाच पक्कडीचा खण उघडला, उगाच बंद केला.

डिसेंबरातली दुपार. त्याच्या गनच्या तोंडात पिन अडकली होती आणि त्याचा फोन स्पीकरवर पेटीच्या झाकणावर ठेवलेला होता.

"आई विचारून राहिली, रोज कोणाशी बोलतो म्हणून," तो म्हणाला.

"मग? काय सांगितलं?"

"मेकॅनिक आहे म्हटलं."

"बस? मेकॅनिक?"

"चांगला मेकॅनिक!"

मी हसत सुटले. हसता हसताच म्हटलं, "गनच्या तोंडावरची पट्टी उघडा अन् चिमट्यानं पिन ओढा..."

खटाक्! एक ओरडणं... आणि फोन बंद.

मी पुन्हा लावला. पुन्हा. बंदच. आणि मग लक्षात आलं — आज मी पाइप काढायला सांगितलंच नव्हतं.

बाबांना "मझौलीला जातेय" एवढंच सांगून मी बस धरली. अख्ख्या वाटेत मला त्याचा हात दिसत होता. मी कधी पाहिलाही नव्हता तो हात, तरी दिसत होता. त्यानं एकदा सांगितलं होतं तसं वराह मंदिरामागे पेटीवाल्याचं घर विचारलं आणि धापा टाकत अंगणात शिरले. तिथे एक उंच, भुशानं पांढरा झालेला मुलगा उन्हात बसून फळी घासत होता.

"हात दाखवा," मी म्हटलं.

आवाज ऐकताच तो उठून उभा राहिला. "प्रणोती...?"

"आधी हात दाखवा!"

त्यानं दोन्ही तळवे पुढे केले. मी ते धरले, उलटे केले, सुलटे केले, बोटं मोजली. दहा. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. मग मला रडूच फुटलं.

त्यानं मुकाट्यानं पेटीचं झाकण उचलून दाखवलं. त्याच्यावर फोन होता, आणि फोनच्या काचेतून आरपार गेलेली पिन. "मला नाही लागलं. यालाच लागलं," तो म्हणाला. "आता उचलायला गेलं तर झाकणासकट येतो."

रडता रडता मी हसले. माझे हात मात्र अजून त्याच्या मनगटावरच होते.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "तीन वर्षांत एकदाही विसरले नाही. आज पाइप काढा म्हणायचं राहिलं."

"काहून राहिलं?"

"तुम्ही बोलत होता ना..." मी खाली पाहिलं. "मला गन आठवलीच नाही."

अंगणात फक्त माश्यांची गुणगुण. त्यानं मनगटावरच्या माझ्या हातांकडे पाहिलं.

"मला तुम्ही... आवडून राहिल्या."

"असं नाही म्हणत कुणी."

त्याचा चेहरा पडला. "चूक बोललो?"

"आवडता म्हणायचं. आवडून राहिल्या नाही."

तो विचारात पडला. मग मान हलवून, अगदी मनापासून म्हणाला, "पण आवडून राहिल्या म्हणजे... चालू आहे ना अजून. थांबलं नाही. मला तेच सांगायचं होतं."

उन्हात त्याच्या पापण्यांवरचा भुसा चमकत होता. मी तो बोटानं हळूच झटकला.

"मलाही," मी म्हटलं. "तुम्ही... आवडून राहिले."