जिंकल्यानंतरची चाल

सन २०४४. सांगलीत यंत्र-बुद्धिबळ स्पर्धेची शेवटची फेरी चालू होती आणि पटाच्या दोन बाजूंना मावशी-भाची बसल्या होत्या.

मावशी म्हणजे शरयू दीक्षित, भौतिकशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका. स्वयंपाकघराच्या ओट्यावर संगणक ठेवून त्यांनी ‘ठकी’ हा प्रोग्राम पोटच्या पोरीसारखा वाढवला होता. भाची रेवती एका मोठ्या कंपनीत मुख्य अभियंता. तिच्या ‘दिग्विजय’च्या दिमतीला हुशार माणसांची फौज आणि गोदामभर संगणक होते. स्पर्धेची रीत अशी की चाल यंत्राने ठरवायची, सोंगटी माणसाने हलवायची आणि यंत्राच्या चालीत लुडबुड करायची नाही.

यंदा एकाही हौशी प्रोग्रामला व्यावसायिकांविरुद्ध अर्धा गुणसुद्धा, म्हणजे एक बरोबरीसुद्धा, मिळाली नाही, तर पुढच्या वर्षीपासून हौशींना दार बंद, असं समितीने ठरवलं होतं. बाकीचे हरून मावशींच्या खुर्चीमागे गोळा झाले होते. वर्षातून एकदा भेटणारं हे त्यांचं गणगोत. आता सगळी भिस्त ठकीवर, आणि ठकीकडे उरला होता एकटा राजा. दिग्विजयकडे राजा आणि हत्ती. इथून चौथीतलं पोरही मात करील.

“मावशी, सोड ना डाव,” रेवती हळूच म्हणाली. तिलाच वाईट वाटत होतं.

“बाकीच्यांनी तुझ्यापुढे डाव सोडले असतील, मी सोडत नाही गं. मात बघायलाच तर बसते. मला सांग, तुझा दिग्विजय चाल निवडतो कशी?”

“स्वतःशीच करोडो डाव खेळून शिकलाय. प्रत्येक चालीला विजयाची खात्री किती, एवढंच त्याचा खात्रीमापक मोजतो. जास्त खात्रीची चाल तो खेळतो.”

“आणि सगळ्याच चालींची खात्री शंभर टक्के असली तर?”

“मग कुठलीही. घरीच पोचायचंय, गल्ली कुठली का असेना!”

“बरं. त्या करोडो डावांत तो मात कशी करायचा?”

रेवती हसली. “मात कशाला? शंभर टक्के दिसले की डाव थांबवून विजय नोंदवायचा. जिंकलेला डाव पुढे खेळवून वीज कशाला जाळायची? कंपनीची शिस्तच आहे तशी.”

मावशींनी भडंगाचा डबा उघडून भाचीपुढे सरकवला.

पडद्यावर शंभर टक्के झळकले. हत्ती उजवीकडे गेला. पुढच्या चालीला डावीकडे आला. मग वर, मग खाली, कधी नुसताच राजा हलला. बुद्धिबळाचा नियम असा की प्यादं हललं नाही, सोंगटी मारली गेली नाही आणि अशा सलग पन्नास चाली झाल्या, की डाव बरोबरीत सुटतो. पंच चाली मोजू लागले तसा रेवतीने भडंगाचा डबा बाजूला सारला. तिला कळून चुकलं होतं. मात केली तरी शंभर, येरझारा घातल्या तरी शंभर. दिग्विजयच्या शाळेत डाव इथेच संपत असे. पुढे काही असतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

एकदा तर हत्ती एक घर सरकला असता, तर मात होती. रेवतीची बोटं त्याच्यावर जाऊन टेकली. पडद्यावर दुसरीच चाल होती. तिने मुकाट्याने तीच केली. मावशींना तिचा फार अभिमान वाटला.

“बरोबरी!” पंच म्हणाले. मागचं गणगोत लहान मुलांसारखं ओरडलं.

“तुला माहीत होतं?” रेवतीने विचारलं.

“शंका होती. आमची ठकीसुद्धा पहिल्या वर्षी असंच वेड्यासारखं करायची. मी भडंग खात शेवटपर्यंत बघत बसायचे, म्हणून सापडलं.”

“म्हणजे आमची चाळीस जणांची अक्कल—”

“अक्कल ठीक आहे गं. बसून बघायला कुणी मोकळं नव्हतं. रविवारी ये, दोघी मिळून बघू.”

रेवतीने हसत डोळे पुसले आणि सोंगट्या डबीत भरल्या. पट रिकामा झाला, तरी दिग्विजयच्या पडद्यावर शंभर टक्के झळकतच होते. ती त्याच्यात ‘बरोबरी’ नोंदवायचं बटण दाबायला वाकली, तसा मावशींनी तिचा हात धरला.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “आजच्या दिवस त्याला सांगू नकोस.”