गजालपेटीला ठिगळ

सर्जेकोटच्या बंदरात आता कुणी कुणाला हाका मारत नाही. प्रत्येक होडीच्या सुकाणूपाशी एक पेटी बसवलेली असते. तिच्याशी मालवणीत बोलायचं. ती ते बोलणं अक्षरांत उतरवते, अक्षरं एका होडीवरून दुसरीवर उड्या मारत जातात आणि पलीकडची पेटी ती वाचून दाखवते. टॉवर नको, उपग्रह नको. बांगडा कुठे लागला, कुणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं पेटीवर. कंपनीने तिला भारदस्त नाव दिलं होतं, पण लोकांनी ते कधी उच्चारलं नाही. त्यांच्या लेखी ती गजालपेटी, गप्पांची पेटी. पुढे कंपनीने इंजिन आणि सुकाणूही तिलाच जोडून दिलं, तांडेलाचा डोळा लागला तरी होडी वाटेवर राहावी म्हणून. फुकट मिळतंय म्हटल्यावर नको कोण म्हणतो?

नारळी पौर्णिमेला मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष नाना खोब्रेकर यांनी गाऱ्हाणंही पेटीवरूनच घातलं. कोकणात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे, सगळ्यांच्या वतीने देवाला घातलेलं साकडं. नानांचं गाऱ्हाणं एका दमाचं असतं, रामेश्वरापासून खाडीच्या तोंडावरच्या राखणदारापर्यंत एकालाही न वगळता. शेवटी सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. पण म्हणणार कोण? बंदरातल्या झाडून सगळ्या पेट्या एकदम बंद पडल्या होत्या. नानांनी देवालाच हँग केलं, अशी चेष्टा पुढे आठवडाभर चालली.

कांचन तोरसकर हसली नाही. पुण्यात प्रोग्रॅम लिहिण्यात बरीच वर्षं घालवून ती गावी परतली होती आणि सोसायटीचे संगणक सांभाळत होती. धाकटा भाऊ दिगू याच्या होडीवरची पेटी तिने खोलली आणि तिचं डोकं तडकलं.

चूक शाळकरी होती. निरोपासाठी पेटीच्या स्मृतीत ठरावीक जागा राखलेली होती, एखाद्या टोपलीसारखी. निरोप त्यात मावेल का, हे प्रोग्रॅम अक्षरं मोजून ठरवायचा. पण देवनागरी अक्षर स्मृतीत इंग्रजीच्या तिप्पट जागा खातं, आणि लिहिणाऱ्याच्या डोक्यात इंग्रजीच होतं. समुद्रावर माणूस तुटक बोलतो म्हणून इतके दिवस निभावलं. नानांचं लांबलचक गाऱ्हाणं मात्र टोपलीत मावलं नाही, ते शेजारच्या टोपलीत सांडलं. आणि त्या शेजारच्या टोपलीत होता पुढच्या हुकुमाचा पत्ता, म्हणजे पेटीने आता कुठे पाहून काय करायचं ते.

कांचनने या चुकीला 'ओसंड' असं नाव दिलं. नानांनी भक्तीने शब्द सांडले आणि पेटी नुसती गोंधळली. पण कुणी डोकेबाज माणसाने बेतून हुकूम सांडला असता, तर पेटीने तो निमूट पाळला असता. इंजिन बंद. सुकाणू पश्चिमेला.

तिने कंपनीला कळवलं. रणदिवे नावाच्या अधिकाऱ्याने अगदी गोड आवाजात सांगितलं की हे मॉडेल आता बंद झालंय, त्याला ठिगळ, म्हणजे चूक बुजवणारा प्रोग्रॅम, मिळणार नाही, नवी पेटी घ्यावी. शिवाय पेटीला कंपनीचं कुलूप आहे, बाहेरच्याने त्यात बदल करणं हा गुन्हा.

"म्हणजे दार तुम्ही उघडं टाकलंत," कांचन म्हणाली, "आणि मी कडी लावली तर चोर मी?"

त्यावर रणदिव्यांनी नियमाचा क्रमांक सांगितला. कांचनने फोन ठेवला आणि त्याच दिवशी ठिगळ लिहायला घेतलं.

आश्विनातल्या एका दुपारी वेधशाळेने संध्याकाळच्या वादळाचा इशारा दिला. होड्या परत फिरल्या. इतक्यात पेट्यांमधून एक लांब, निरर्थक बडबड वाचली गेली आणि पुढच्या होड्यांनी किनाऱ्याकडे पाठ केली. निरोप एकीवरून दुसरीवर उडत होता, तशी एकेक होडी वळत होती. हे कुणी केलं, ते आजवर कळलेलं नाही.

"ताई," सोसायटीतल्या पेटीने दिगूचा निरोप वाचला, "सुकाणू माझा आयकना नाय."

त्याच्या होडीवर चार माणसं होती. पेटीच्या तारा उपटाव्यात तर इंजिनही मरणार, आणि वादळात मेलेल्या इंजिनाची होडी म्हणजे संपलंच. कांचनने रणदिव्यांना फोन लावला, तासाभरासाठी कुलूप उघडा म्हणून. मुख्यालयाची मंजुरी उद्यापर्यंत येईल, असं ते म्हणाले. तुम्ही परस्पर काही केलंत तर त्याची नोंद होईल, असंही म्हणाले.

"करा नोंद," ती म्हणाली. "नाव पूर्ण लिहा."

ठिगळ तयार होतं, पण ते पेटीत घालायची सरळ वाट कुलूपबंद होती. उरली होती ती चोराचीच वाट, ओसंडीची. ठिगळ इतक्या लांब निरोपात भरायचं, की तेही शेजारच्या टोपलीत सांडावं आणि आत जाऊन भोक बुजवावं. पण त्याआधी तिने पेटीवर सगळ्यांना सांगितलं, "मी तुमच्या पेट्यांत शिरणार आहे. थोडा वेळ सगळ्यांची सुकाणू माझ्या हातात असतील. ज्याला नको असेल त्याने आत्ताच बोलावं."

 पहिलं उत्तर नानांच्या होडीवरून आलं, "व्हय म्हाराजा." मग दुसरीवरून. मग सगळीकडून. कांचनने ठिगळ सोडलं. होड्या एकेक करून किनाऱ्याकडे वळल्या. वादळाने जेटीचं छप्पर नेलं, माणूस एकही नेला नाही.

कंपनीची नोटीस आली. ठिगळ काढा, लेखी माफीनामा द्या, नाहीतर खटला. कांचनने उत्तरादाखल ते ठिगळ किनाऱ्यावरच्या प्रत्येक सोसायटीला पाठवून दिलं, ओळीओळीला मराठीत खुलासा लिहून. माफी कशाची मागायची, चार माणसं जितीजागती परत आली त्याची? सोसायटीने वकील दिला. नाना म्हणाले, तुरुंगात जायचं तर सगळे मिळून जाऊ, तिथे निदान मासे तरी दुसरा कुणी साफ करील.

 एके सकाळी दिगू कांचनच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"त्या वेळाक तू माका खंयही न्हेव शकली असतंस," तो म्हणाला. "आता दार बंद केलंय ह्याही तूच सांगतंस. कंपनीय तसाच सांगी. तुझ्यार तरी मी कित्याक विश्वास ठेवचो?"

ते तिला झोंबलं. ज्याला मरणाच्या तोंडातून ओढून आणलं त्याने हे विचारावं? उत्तर ओठांवर आलं होतं, चांगलं जहरी. पण तिने ते गिळलं, कारण पोरगं बरोबर बोलत होतं. आणि खरं सांगायचं तर बंदरात हा प्रश्न विचारणारा तो एकटाच होता.

तिने शेजारची खुर्ची ओढली आणि पडदा त्याच्याकडे वळवला.

"ठेव नको विश्वास," ती म्हणाली. "बस हयसर. एकेक ओळ वाचूक शिक. आणि मगे तूच माका सांग, दार बंद असा, की उघडा?"