दहावी टिचकी

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी बाबांनी शेगडी बंद केली आणि म्हणाले, "दहा."

नॉबमध्ये टिचक्या मी नऊच घातल्या होत्या.

विजेच्या शेगडीचा तो नॉब मी बाबांसाठीच बनवला होता. रस्ता फोडायचं यंत्र तीस वर्षं चालवून त्यांची बोटं बधिर झाली होती. "कंपनीने बोटं ठेवून घेतली, बाकीचा माणूस परत केला," असं ते सांगत. नजरही अधू. शेगडी दोनदा चालूच राहिली. दुसऱ्यांदा पडदा जळाला. "तिसऱ्यांदा झालं तर बाबा वृद्धाश्रमात," दादाने फोनवर सांगून टाकलं. मग मी नॉबमध्ये छोटी मोटर बसवली. प्रत्येक टप्प्याला ती बोटांना जोरकस टिचकी देई. नववी आली की शेगडी बंद. नॉबवर पडणारा प्रत्येक दाब वेळेसकट माझ्या लॅपटॉपवर नोंदला जाई.

"बाबा, नववीच्या पुढे नॉब फिरतच नाही."

"फिरत नाहीच. थांबल्यावर येते. मऊ. बोटांवर कुणी बोटं ठेवावीत तशी."

"भास असेल."

"बधिर बोटांना भास होतात होय? बनवलंस तू, आणि विचारतेस मला!"

मी फिरवून पाहिलं. नऊ. प्रोग्राम पुन्हा लिहिला, मोटर बदलली. आठ महिन्यांच्या कामाने माझी मनगटं भरून आली होती. हे नवं खूळ मला नको होतं. पण नोंदी बाबांच्या बाजूने होत्या. त्यांनी शेगडी बंद केली की दोन सेकंदांनी नॉबवर आणखी एक दाब पडे, त्यांच्या हाताच्या निम्मा. मी बंद केली की तो नसे.

मंगळवारी त्यांना न सांगता मी मोटरची तार काढली.

बाबांनी नॉब शेवटपर्यंत फिरवला. हात तसाच ठेवून उभे राहिले.

"नऊ गेल्या," ते म्हणाले. "एकच आली."

मी तार परत जोडली.

गुरुवारी अकराला त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. दोनला परतलो. कुलूप मी लावलं होतं, मीच उघडलं. किल्ली एकच. घरभर करपल्याचा वास. निघताना बाबा दूध शेगडीवर विसरले होते. पातेल्यात त्याचा कोळसा झाला होता.

शेगडी बंद होती. थंड.

"दादाला सांगू नकोस," बाबा पातेलं घासत म्हणाले. दादा रविवारी येणार होता. मी "बरं" म्हटलं. वाद घालायचं त्राण नव्हतं.

मग लॅपटॉप उघडला. अकरा चाळीसला शेगडी बंद केल्याची नोंद आहे. नऊ टप्पे, एकेक, सावकाश. हाताचा दाब बाबांच्या निम्मा.

दोन सेकंदांनंतरचा दाब त्या नोंदीत नाही.