जुन्या गावची बारव

आरतीला चौथा महिना लागला, तशा शेजारच्या बाया विचारू लागल्या, "पहिलं बाळंतपण माहेरीच ना?" ती हसून विषय बदलायची. लातूरच्या त्या गल्लीत क्लासला आलेली मुलं आणि त्यांच्याबरोबर आलेल्या आया भाड्यानं राहायच्या. कुणाला कुणाची मागची हकिकत ठाऊक नसे. आरतीचं माहेर, देवळसांगवी, त्र्याण्णवच्या भूकंपात एका पहाटे मातीला मिळालं. आई-वडील त्यातच गेले. ती तेव्हा चौथीत होती. पुढं पुण्याकडच्या वसतिगृहात वाढली. वाचलेल्यांना माळावर नवं गाव मिळालं आणि काही वर्षांनी जुन्या गावच्या पडक्या भिंतींवर धरणाचं पाणी चढलं.

"मला एकदा जाऊन यायचंय," ती एका संध्याकाळी म्हणाली.

"कुठं?"

"माहेरी."

सुदर्शन मूळचा मुदखेडचा. लातुरात एका मोठ्या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायचा. मुलांच्या परीक्षा नुकत्याच आटोपल्या होत्या, हातात थोडी सुटी होती. तिचं मन मोकळं होत असेल तर होऊ दे, असा त्यानं विचार केला. मे महिन्यात धरण उतरलं की जुन्या गावची बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, काठापुरती उघडी पडते असं त्याच्या कानावर होतं. यादवांच्या काळातली म्हणत. तिच्याशेजारचं देऊळ भूकंपात बसलं. बारवेचा दगड हलला नाही.

धरणावर मासे धरणारा शरणप्पा त्यांना होडीतून न्यायला तयार झाला. पण आरतीकडं पाहून त्यानं विचारलं, "अक्का, पोटुशी हायेस न्हवं? मग कशाला?"

"बघून येते नुसतं."

सकाळचीच वेळ, पण धुळीनं आभाळ मळकट झालेलं. वारा पडलेला. पाणी चहासारखं गढूळ होतं आणि त्याला कुजक्या बाभळीचा वास येत होता. वल्ह्याचा आवाज तेवढा. मधेच पाण्याबाहेर एखादं वाळलेलं झाड, त्यावर पंख पसरून बसलेला पाणकावळा.

बरंच आत गेल्यावर आरती म्हणाली, "इथून डाव्या हाताला घ्या."

"सरळ जवळ पडतंय," शरणप्पा म्हणाला.

"सरळ पाटलाची भित हाय. आडवी येतीय."

सुदर्शननं चमकून तिच्याकडं पाहिलं. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिच्या तोंडी ही बोली त्यानं कधी ऐकली नव्हती. शरणप्पानं होडी वळवली. उजवीकडं होडीचं लाकूड कशाला तरी घासलं आणि लांबवर घासतच राहिलं.

"आता बोळ संपला," ती म्हणाली. "समोर बारव."

समोर काळ्या दगडाचा चौकोनी काठ पाण्याबाहेर वीतभर आलेला होता. शरणप्पानं होडी लावली आणि तोंड फिरवून बसला. सुदर्शन आधी काठावर चढला, आरतीला हात दिला, मग आत डोकावला.

आत पाणी नव्हतं.

पायऱ्या खाली खाली गेल्या होत्या. कोरड्या. वरच्या पायरीवर लिंबाची वाळकी पानं आणि त्यांच्यामधून चाललेली मुंग्यांची रांग. त्यानं मागं वाकून धरणाच्या पाण्यात हात घातला. पाणी काठाला लागून होतं, भरभक्कम, चहूबाजूंनी. दरवर्षी तो फळ्यावर आकृती काढून पोरांना सांगे, पाणी आपली पातळी गाठतंच. चुना न लावता रचलेले दगड, फटींतून हवा जाईल असे. एक थेंबही पाझरत नव्हता.

"शरणप्पा, हे नेहमी असंच असतं?"

"मी बघत न्हाई सर," तो पाठमोराच म्हणाला. "ब्याडा, नको. खालच्यास्नी आपलं नाव कळू नये. चला माघारी."

तेवढ्यात खालून आवाज आला. घागर दगडावर टेकवल्याचा. मग बांगड्यांचा.

आरतीनं पदर खोचला आणि ती पायऱ्या उतरू लागली.

"आरती, थांब! दगड सुटलेत."

ती थांबली नाही. रोजच्या वाटेनं जावं तशी, खाली न बघता उतरत गेली. तिचा सैल अंबाडा वळणाच्या कोनाड्यापाशी शेवटचा दिसला.

तो मागं निघाला. थोड्या पायऱ्या उतरला आणि त्याच्या कानांना दडे बसले. आणखी एक पायरी. छातीवर चहूकडून दाब आला, विहिरीत खोल बुडी मारल्यावर येतो तसा. अंगावरचा शर्ट कोरडा होता. श्वास घ्यायला हवा होती, पण छाती फुलेना. नाकातून रक्ताची धार लागली.

तो गुडघ्यांवर, हातांवर रांगत वर आला.

"आरती!"

खाली बायकांचं बोलणं चाललं होतं. सावकाश, कामाच्या नादात चालावं तसं. शब्द कळत नव्हते. मधेच कुणी हसलं. ते आरतीचं हसणं होतं.

तो हाका मारत राहिला. घसा बसला. उन्हं डोक्यावर आली.

मग ती वर आली.

एकटीच. साडी कोरडी. चेहरा धुतल्यासारखा शांत.

केस चप्प तेल लावून विंचरलेले होते. मधोमध सरळ भांग. दोन घट्ट वेण्या, शाळकरी मुलीच्या असतात तशा, वर दुमडून बांधलेल्या.

शरणप्पानं एकदाच पाहिलं आणि वल्हं उचललं. लातूरच्या बसमध्ये ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून गाढ झोपली. तेलाचा वास येत होता, करडईचा, ताज्या घाण्याचा. त्याला विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीपाशी बसून वेण्या सोडत होती. खाली क्लासची मुलं सायकली काढत होती. एक वेणी लगेच सुटली. दुसरीचा पेड उलटा घातलेला होता. तिला तो उलगडेना.

"आईनं घातल्या?" शेवटी त्यानं विचारलं. आपण हे विचारतोय याची त्याला लाज वाटली.

"एक आईनं."

"आणि ही?"

तिची बोटं थांबली.

"तिला मी ओळखत नाही. हात लई गार होते. ती विचारत होती, वरून हाका कोण मारतंय."

"मग?"

"मी काही बोलले नाही," आरती म्हणाली. "आईनं तुमचं नाव सांगितलं."