मामाचा पाय

मालन पळून चालली होती, दुसरं काही नाही. पांढरा कोट पिशवीत कोंबून ती घाटकोपरच्या मुलांच्या फिजिओथेरपी केंद्राचा जिना धडाधड उतरत होती... आणि वळणावर समोरून येणाऱ्या तरुणावर जवळजवळ आदळलीच! त्याच्या कडेवर तीनेक वर्षांची मुलगी होती.

"अहो, सांभाळून! फिजिओथेरपी वरच ना?"

"हो... वर."

"दुखवत नाहीत ना पोरांना?" त्याने आवाज खाली आणला. "ही माझी भाची, चंपा. पोलिओ झाला हिला. ताईला हिचं रडणं बघवत नाही, म्हणून मला धाडलंय. अन् इथे माझीच तंतरलीय!"

मालन काय सांगणार? ती शिकाऊ. गेल्याच आठवड्यात तिने एका बाळाचा पाय ताणला, बाळ किंचाळलं, आजीने ते हिसकावून घेतलं आणि पुन्हा काही आणलं नाही. त्या पोराचा पाय तसाच राहिला तर... माझ्यामुळे? तेव्हापासून तिला धड झोप नव्हती. आज फिजिओथेरपीचं कॉलेजच सोडायचं ठरवून ती निघाली होती.

"मालन, पेशंटला घेऊन वर ये!" वरून विमला मॅडमनी हाक मारली.

झाली ना पंचाईत!

मॅडमची शिकवायची रीतच न्यारी. मुलाला हात लावण्याआधी तोच व्यायाम घरच्या माणसाला द्यायचा. मूल काय सोसतं ते त्यालाही कळलं पाहिजे. तेव्हा मामा सतरंजीवर आडवे झाले आणि मालनने त्यांची टाच हातात धरली. परक्या तरुणाची टाच! बिचारी कानापर्यंत लाल झाली.

"नाव तरी सांगा," तो पुटपुटला. "पाय कुणाच्या हाती दिलाय ते कळू दे."

"मालन. हलू नका."

"मी अंबादास. आता कुठला हलतोय!"

चंपा खुदकन हसली. मालनने पाऊल वर दाबत टाचेची शीर ताणली. "दुखतं?"

"छे! झकास."

"अजून जोर देऊ?"

"द्या की."

पण हाताखालची पोटरी दगड झाली होती. मालनने वर पाहिलं. कपाळावर घाम, दात घट्ट आवळलेले – आणि तरी भाचीकडे बघून हसणं चालूच! मालनच्या अंगावर सर्रकन काटा आला. एवढाच जोर चंपाला दिला असता तर?

"खोटं बोलताय तुम्ही!" ती कडाडली. "दुखतंय तुम्हाला! मी तुमच्यावरून तिचा अंदाज घेतेय, कळतंय का?"

अंबादास ओशाळला. "तुम्ही घाबरला होता ना... म्हटलं, ओरडलो तर परत जिना उतराल."

मालनने हातातली टाच हळूच खाली ठेवली.

"त्याने लपवलं, तरी तुझ्या हाताला कळलं ना?" मॅडम म्हणाल्या. "मग घे आता चंपाला."

मालन चंपाशेजारी बसली. तिने ती इवलीशी टाच धरली, जरा दाबली. पोटरी घट्ट झाली तशी थांबली, सैल पडेपर्यंत थांबूनच राहिली, मग पुन्हा जरा दाबली. चंपा कुरकुरली, पण रडली नाही. डोळे भरून आले ते मालनचेच.

मग दर बुधवारी मामा-भाची येत राहिली. मालन अजूनही प्रत्येक मुलाला भीतभीतच हात लावायची, पण बुधवारी मात्र दोनदा वेणी घालायची.

एका बुधवारी निघताना अंबादास म्हणाला, "पुढच्या खेपेपासून ताईच येईल. व्यायाम तिनेच शिकायला हवा."

बरोबरच होतं. आईला शिकवल्याशिवाय काम पुरं होत नाही, हे मॅडमनी रोज घोकून घेतलं होतं. तरी मालनच्या काळजात धस्स झालं.

"काय झालं?"

"भीती वाटते."

"आता कसली?"

"तुम्ही दिसणार नाही... त्याची." बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

एरवी पटापट बोलणारा अंबादास पार गडबडला. चंपाला या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाला, "मग... रविवारी पवईला येशील? तलावावर? ताई अन् चंपा असतील सोबत. घाबरू नकोस."

मालनने इकडेतिकडे पाहिलं. मॅडम आत होत्या.

"त्यांना कशाला आणतोस?" ती म्हणाली.