मावशीच्या हातातलं बटण

रांजणाने ऋजुतामावशीच्या हातात एक पांढरं बटण ठेवलं आणि बजावलं, "हे फक्त तुम्हीच दाबायचं, ऋजुताताई. मी नाही, डॉक्टरांनी नाही, घरच्या कुणीही नाही."

कृत्तिकाच्या कपाळावर आठी पडली. डॉ. नाझनीन मुल्ला एवढ्या शिकलेल्या. रांजण तर यंत्रमानव, त्याच्या डोक्यात अख्खं वैद्यकशास्त्र भरलेलं. आणि मावशी? कळा सुरू झाल्यापासून तिला "आई गं" यापलीकडे काही सुचत नव्हतं. मग ज्यांना सगळं समजतं त्यांना मनाई आणि जिला काही सुचत नाही तिच्याच हातात बटण, हा कुठला न्याय?

ही गोष्ट २०६१ सालची, तासगावातल्या एका प्रसूतिगृहातली. तिथल्या यंत्रमानवाचं कागदोपत्री नाव भलतंच लांबलचक होतं. पण तो खाली गोल, वर निमुळता आणि मातकट रंगाचा, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांनी त्याचं परस्पर बारसं करून टाकलं होतं. रांजण म्हटल्याचं त्यालाही काही वाटत नसे. वाटायची सोयच त्याच्यात नव्हती.

मावशीचं हे पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आली होती. काका दक्षिण ध्रुवावरच्या तळावर अडकलेले. तिथला हिवाळा सरेपर्यंत विमान उडणार नव्हतं. कृत्तिकाच्या आईचा पाय प्लास्टरमध्ये. त्यामुळे आज मावशीजवळ दोघीच होत्या, आजी आणि अकरा वर्षांची कृत्तिका. आणि माहेरपण कशाला म्हणतात ते आजीच्या घरी येऊन पाहावं! आल्यापासून मावशीला कुणी पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नव्हता. ती "पा..." म्हणायच्या आत पाणी हजर. ती वाकायच्या आत चप्पल पायाशी. "माहेरी आलीयस ना, मग हात हलवायचा नाही," हा आजीचा कायदा होता आणि अंमलबजावणी कृत्तिकाकडे होती.

"या बटणाने होतं तरी काय?" तिने विचारलं.

"औषधाचा एक छोटा डोस शिरेत जातो," रांजण म्हणाला. "अफूच्या कुळातलं, फार जोरदार वेदनाशामक (दुखणं कमी करणारं औषध)."

"अफू!" आजी खुर्चीतून उठलीच. "अरे रांजणा, माझ्या लेकीला अफू चारतोस?"

"अफू नाही, आजी. त्या कुळातलं, पण प्रयोगशाळेत तयार केलेलं आणि मोजून द्यायचं. पाठीत, मणक्यापाशी सुई देऊनही कळा बधिर करता येतात. पण ऋजुताताईंच्या रक्तात बिंबिका (रक्त गोठायला मदत करणाऱ्या बारीक पेशी) कमी आहेत. तिथे रक्तस्राव झाला तर महागात पडेल. म्हणून हा मार्ग."

मग त्याने मान कृत्तिकाकडे वळवली. "टेबलाला गुडघा आपटला तर दुखतं कुठे?"

"गुडघ्यात. हे काय विचारणं झालं?"

"गुडघा नुसता निरोप धाडतो. चेतातंतू (शरीरातले निरोप वाहून नेणारे बारीक धागे) तो निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूपर्यंत नेतात. तो मेंदूत पोचला की तुला दुखतं. आत्ता बाळाला बाहेर ढकलण्यासाठी गर्भाशय आवळलं जातंय. त्याचेच निरोप ऋजुताताईंच्या मेंदूकडे धावताहेत."

"आणि औषध ते अडवतं?"

"पुसट करतं. त्या वाटेवर बारीक बारीक कुलपं असतात. त्यांना ग्राही (पेशीवरची अशी जागा, जिथे ठरावीक रसायनच बसतं) म्हणतात. त्यांच्या किल्ल्या आपलं शरीरही बनवतं. म्हणून तर खेळाच्या भरात खरचटलेलं घरी आल्यावर लक्षात येतं. हे औषध म्हणजे त्याच कुलपांची जास्त जोरदार किल्ली. कळ जात नाही, पण सोसवते."

"मग भरपूर द्या की! कंजुषी कशाला?"

"इथेच तर मेख आहे. अगदी तशीच कुलपं मेंदूच्या आणखी एका भागात असतात. झोपेतसुद्धा श्वास चालू ठेवणाऱ्या भागात. किल्ल्या फार झाल्या की तिथलंही काम मंदावतं. माणूस गुंगीत जातं, श्वास कमी होतात. शिवाय औषध वारेतून (आईच्या रक्तातलं अन्न आणि प्राणवायू बाळाला पोचवणाऱ्या अवयवातून) बाळापर्यंतही जातं. म्हणून असं औषध निवडलंय, जे रक्तात गेल्यावर काही मिनिटांतच मोडून जातं."

"हे सगळं ठीक. पण बटण मावशीकडेच का?"

रांजण उत्तर देणार एवढ्यात मावशीला मोठी कळ आली. तिने बटण दाबलं, दात-ओठ आवळले, आणि थोड्या वेळाने तिचा चेहरा सैल झाला. "येतेय, पण लांबून आल्यासारखी वाटतेय," ती पुटपुटली. रांजण पडद्यावरचे आकडे पाहण्यात गढला आणि कृत्तिकाचा प्रश्न तसाच राहिला.

हळूहळू मावशी दोन कळांच्या मध्ये डुलक्या घेऊ लागली. आजीला खोलीतला गारवा मघापासून खटकत होताच. अशा वेळी वारा बाधतो, हे तिचं ठाम मत. तिने पिशवीतून स्कार्फ काढून मावशीचे कान बांधले आणि जाड शाल गळ्यापर्यंत ओढली. प्राणवायू मोजणारी चिमटी डाव्या हाताच्या बोटाला होती, तेवढा हात रांजणाने बाहेर ठेवायला लावला. उजवा हात, बटणासकट, शालीखाली गेला. कृत्तिकाने तिथेच आपला हात सरकवला आणि मावशीचा हात धरून बसली.

पडद्यावर कळेची रेघ दिसायची. मावशी कण्हायच्या जरा आधीच ती वर चढू लागायची. ते पाहून कृत्तिकाच्या मनात आलं, मावशीला जाग येईपर्यंत थांबायचं तरी कशाला? दुखायच्या आतच औषध गेलं तर? "पा..." म्हणायच्या आत पाणी देतो, तसंच हे. मावशीचा अंगठा झोपेत बटणावरून घसरला होता. कृत्तिकाने आपला ठेवला आणि दाबला.

कळ आली, मावशी नुसती हुं करून कुशीवर वळली. कृत्तिकाला कोण आनंद झाला! एका डोसानंतर काही वेळ यंत्र दुसरा डोस देत नसे. तेवढा वेळ गेला की हिरवा दिवा लागे. मग काय, दिवा लागला की दाब, दिवा लागला की दाब. मावशीचं कण्हणंही थांबलं.

"बघ, कशी शांत निजलीय माझी बाय," आजी कौतुकाने म्हणाली.

आणि यंत्र कर्कश वाजू लागलं.

रांजण गर्रकन पलंगाशी आला. त्याने औषध बंद केलं, मावशीच्या नाकातोंडावर प्राणवायूचा मास्क ठेवला आणि खांदा हलवत मोठ्याने म्हणाला, "ऋजुताताई! डोळे उघडा! मोठा श्वास घ्या!" मावशीने डोळे किलकिले केले, एक श्वास घेतला आणि पुन्हा मिटले. कृत्तिकाने शालीखालून हात काढून घेतला. मावशीची छाती हलत होती, पण दोन श्वासांच्या मध्ये केवढा वेळ जात होता!

डॉ. मुल्ला धावत आल्या. "श्वास घे बेटा. हं, अजून एक." त्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन (कुलपातली किल्ली बाहेर ढकलून जागा अडवणारं औषध) हाताशी आणून ठेवलं, बाळाचे ठोके ऐकले. "ठोके ठीक आहेत. पण हिला हे औषध मानवत नाही. बंदच ठेवू या, बाकीच्या कळा तशाच काढाव्या लागतील."

"डॉक्टर, माझा हिशेब जुळत नाही," रांजण म्हणाला. "इतक्या गुंगीतलं माणूस बटण दाबू शकत नाही. आणि बटण तर दाबलं गेलंय."

कुणाचंच कृत्तिकाकडे लक्ष नव्हतं. गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण मग उरलेल्या सगळ्या कळा मावशीला औषधाविना सोसाव्या लागणार होत्या, आणि त्याही तिची काही चूक नसताना. कृत्तिकाला रडूच कोसळलं.

"मी दाबलं," ती म्हणाली. "शालीखालून. ती झोपली होती तेव्हा."

"अगं कार्टे!" आजीने कपाळावर हात मारला.

डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांना तेवढी फुरसत नव्हती. त्या मावशीचे श्वास मोजत राहिल्या. काही मिनिटं गेली. औषध रक्तात मोडत गेलं तसे श्वास एकमेकांच्या जवळ आले, मावशीने डोळे उघडले आणि स्कार्फ ओढत म्हणाली, "हे काय बांधलंय? उकडतंय मला!" ते ऐकून आजी रडायलाच लागली.

"हात झाकू दिला ही माझी चूक," रांजण म्हणाला आणि त्याने शाल बाजूला केली. "कृत्तिका, तुझं उत्तर राहिलं होतं. दुखलं की माणूस जागं असतं. जागं असलं की बटण दाबतं. औषध जास्त झालं तर?"

कृत्तिकाने नाक पुसलं. "तर झोप लागते."

"आणि झोप लागली तर?"

"तर... बोट सैल पडतं. बटण दाबलंच जात नाही. म्हणजे औषध आपलं आपण थांबतं! गच्चीवरच्या टाकीतल्या गोळ्यासारखं. टाकी भरली की तो तरंगत वर येतो आणि नळ बंद होतो. मी तो गोळाच हाताने खाली दाबून धरला."

"बरोबर. याला प्रत्याभरण (परिणाम पाहून कृती आपोआप कमी-जास्त होणं) म्हणतात. मला आकडे दिसतात, पण दुखणं दिसत नाही. ते मोजणारं यंत्र या खोलीत एकच आहे, ऋजुताताई."

"तू खरं बोललीस म्हणून औषध पुन्हा देता येईल," डॉ. मुल्ला म्हणाल्या. "डोस मात्र आणखी छोटा."

पुढची कळ आली ती मावशीला पुरती जाग असताना. ती ओरडली, तिचा हात चादरीवर बटण शोधू लागला. बटण बाजूला घरंगळलं होतं.

"अगं, बघतेस काय? दे दाबून!" आजी कळवळून म्हणाली.

कृत्तिकाने बटण उचललं. नुसता अंगठा टेकवला की झालं असतं. मावशीचं ओरडणं तिला ऐकवत नव्हतं. तिने बटण मावशीच्या तळव्यात ठेवलं, तिची बोटं त्याच्याभोवती मिटली आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. मावशीने बटण दाबलं.

दुपार कलली तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, "आता बाळ कधीही येईल. औषध बंद. त्याच्या अंगात काही उरायला नको." आजी आणि कृत्तिकाला पडद्याबाहेर बसवलं. आत मावशीचं ओरडणं, डॉक्टरांचं "शाब्बास, अजून एकदा", मग अगदी शांतता. कृत्तिकाने आजीचा हात घट्ट धरला. आणि टाहो फुटला, असा सणसणीत की रांजणानेही आपल्या कानांचा आवाज कमी केला. मुलगी होती.

"मावशी, मी चुकले," कृत्तिका आत जाऊन म्हणाली.

"माझ्यासाठीच केलंस गं," मावशी थकून हसली. "पण दुखत मला होतं. तुला ते कसं मोजता येणार?"

रांजण जवळ आला. "पुन्हा असं घडू नये म्हणून काय करावं?"

"बटणाने आईचाच अंगठा ओळखायला हवा," कृत्तिका लगेच म्हणाली.

"झोपलेल्या आईचा अंगठा धरून कुणी दाबला तर?"

"मग ती जागी आहे का, हेही बटणाला समजायला हवं. पण कसं?"

"मलाही ठाऊक नाही," रांजण म्हणाला. "तू शोध. मी वाट पाहीन."

बाळ अजून रडतच होतं. चेहरा लालबुंद, मुठी वळलेल्या. आजीला राहवेना. "अगं बाई, किती रडतेय! आणा इकडे, मी गप्प करते तिला."

"रडू दे गं आजी," कृत्तिका म्हणाली. "तिचा श्वास तिची ती घेतेय."

आजीने पुढे केलेले हात मागे घेतले आणि काहीही न करता ती नुसती ऐकत उभी राहिली.