वक्ता तीन

विश्वास ठेवा असा आग्रह नाही. आग्रह करायचं त्राणच माझ्यात उरलेलं नाही. पण हे माझ्या बाबतीत घडलंय, आणि त्यात मी पदरचं काहीही घातलेलं नाही.

याच मार्चमध्ये सुरू झालेली गोष्ट. कोथरूड, आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट.

रात्र नव्हती. टळटळीत दुपार होती.

मी मैत्री. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवणारी एक संस्था आहे. त्यांची रेकॉर्डिंग्ज मी घरी बसून हेडफोनवर ऐकते आणि टाइप करते. नियम एकच, जे ऐकू येईल ते सगळं लिहायचं. प्रश्न विचारणारा वक्ता एक. उत्तर देणारं म्हातारं माणूस वक्ता दोन. कळलं नाही तिथे 'अस्पष्ट' असं लिहायचं.

माझे 'अस्पष्ट' वाढत चालले होते.

"मैत्रीताई, एका पानात नऊ?" ऑफिसमधून नम्रताचा फोन आला. मुलगी वाईट नाही. "बघा ना काहीतरी. नाहीतर वरचे मलाच सांगतील, ताईंना थांबवा म्हणून."

नऊ वर्षं हेच काम करतेय. दुसरं काही येत नाही, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी कुणी शिकवणारही नाही. मी घाबरले होते.

हेडफोनमध्ये सारखी खरखर यायची. मी ठरवलं, दोष लॅपटॉपचा. स्वतःच्या कानाला दोष देण्यापेक्षा ते सोपं होतं.

दुकानदाराने लॅपटॉप उलटा करून पाहिला.

"साउंड कार्ड बदलून द्या म्हणता? ते बोर्डवरच असतं. ते बदलायचं तर लॅपटॉपच बदला."

"मग काय करू?"

"बाहेरून लावायचं. यूएसबीला." त्याने काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. एक बोटाएवढी, एक काडेपेटीएवढी, आणि एक चांगलीच जाडजूड. "गाणी करता?"

"नाही. ऐकून टाइप करते."

"मग हे मोठं कशाला हवंय? मधलं घ्या."

"जरा बघू का लावून?"

"बघताय काय? ऐका."

मधलं घेतलं.

मंगळवार. दुपारचे सव्वादोन. नवरा, संतोष, हिंजवडीला ऑफिसात. सोसायटीत चिटपाखरू नाही. मी कार्ड जोडलं, हेडफोन लावले.

खरखर गेली होती.

सासवडकडचे एक आजोबा विहिरीविषयी सांगत होते. शब्दन् शब्द कळत होता. मला रडूच आलं, खरं सांगते. वाटलं, सुटले.

आजोबा थांबले. पुढचा प्रश्न अजून यायचा होता.

आणि तेवढ्यात...

"लिहिलंस का?"

बाईचा आवाज. हळू. दिवसभर राबून भिंतीला टेकलेल्या बाईसारखा. आणि फक्त डावीकडून.

मी मागे घेऊन ऐकलं. तेच. पुन्हा ऐकलं. तेच.

नियम म्हणजे नियम. टाइप केलं... वक्ता तीन : लिहिलंस का?

दुसरी फाइल लावली. गाव वेगळं, माणसं वेगळी, प्रश्न विचारणारा वेगळा. आजी बोलायच्या थांबल्या...

"लिहिलंस का?"

शुक्रवारपर्यंत अकरा फाइली झाल्या. अकराच्या अकरांत ती होती.

संतोषला ऐकवलं. तो डोळे मिटून नीट ऐकत बसला.

"काही नाही गं. आजोबा खोकतायत फक्त."

नम्रताचा फोन आला. "ताई, हा वक्ता तीन कोण? मी तीनदा ऐकलं. तिथे कुणीच नाहीये."

मी कार्ड घेऊन पुन्हा दुकानात गेले. दुकानदाराने स्वतःचे हेडफोन लावून माझी फाइल ऐकली.

"कार्ड उत्तम चाललंय," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "ताई, एकदा कान तपासून घ्या."

या वेळी टोमणा नव्हता. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

शनिवारी सकाळी अकराला कानाच्या दवाखान्यात गेले. काचेची बंद खोली, डोक्यावर त्यांचे हेडफोन, हातात बटण. माझं कार्ड घरी टेबलावर होतं.

"आवाज आला की बटण दाबा," रुपाली नावाची तपासणारी मुलगी म्हणाली. "अगदी बारीक आला तरी दाबा."

उजवा कान झाला. एकामागून एक बारीक आवाज. मी दाबत गेले.

"आता डावा हं."

शांतता.

मी वाट बघत बसले...

"लिहिलंस का?"

माझा अंगठा आपोआप दाबला गेला.

काचेपलीकडून रुपालीने मान वर केली.

"मॅडम... मी अजून काही सोडलंच नाही."

डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. डावा कान जवळजवळ गेलाय म्हणाले. कुणी शेजारी येऊन ओरडलं तरच कळेल. कित्येक महिने मी एका कानावर काम रेटत होते.

"पण मला डावीकडून बारीक बोलणं ऐकू येतं, डॉक्टर."

"होतं असं. कान गेला की भास होतात."

"माणूस बोलतं?"

त्यांनी कागद पुन्हा जवळ ओढला. "बहुतेकांना शिट्टी ऐकू येते," एवढंच म्हणाले.

सोमवारी मला कानाचं मशीन बसणार आहे. नम्रताने तोवर थांबायचं कबूल केलंय. मशीन लागलं तर काम राहील. संतोषला हायसं वाटलंय. "डाव्या कानातलं सगळं मोठं ऐकू येईल आता," तो म्हणाला.

दवाखान्यानंतर आवाज आला नाही. दोन आठवडे गेले.

काल दुपारी काम आवरलं. लॅपटॉप बंद होता, हेडफोन काढून ठेवलेले होते. मनात आलं, ती एवढं विचारत होती आणि आपण एकदाही उत्तर दिलं नाही. फार थकले होते. मिटवून टाकावं एकदाचं असं वाटलं.

रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हणाले, "लिहिलं गं बाई. सगळं लिहिलं. आता जा."

खालून भंगारवाल्याची आरोळी आली. ती उजव्या कानात.

मग डावीकडून, अगदी जवळून...

"अजून मी सांगितलंच कुठंय?"

आज रविवार आहे. उद्या सकाळी दहाला दवाखान्यात जायचंय. मला काम सोडता येणार नाही.